शेत भाड्याचं, पण हरीण कुणाचं?



मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कल्याण-मुरबाड रस्ता सोडून आत गेलं की जी गावं लागतात, त्यातल्या एका गावात आमची गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही मिटली, चहा आला. तेवढ्यात एका वहिनींनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद पुढे केला. "ताई, हे वाचा बरं. घरातले म्हणतात सही करून टाक."

कागद भाडेकराराचा होता. वहिनींची दीड एकर जमीन, खाली भात, वर वरकस, आणि वरकसाला लागून झाडी. शहराकडची दोन माणसं गाडी घेऊन आली होती. वर्षाचं भाडं रोख देणार, नांगर घालणार नाही, पीक घेणार नाही. त्यांना फक्त झाडीकडची बाजू हवी होती, एक माळा बांधायला. कागदावर लिहिलं होतं "शेती व निसर्ग सहवासासाठी". तोंडाने मात्र विचारत होते, "इथं भेकर उतरतं ना? डुक्कर किती वाजता येतं?"

बैठकीत दोन तट पडले. एक जण म्हणाली, जमीन आपली, पीक आपलं खातात, मग कुणी मारलं तर बिघडलं कुठं? वर भाडंही मिळतंय. दुसरी म्हणाली, पोलीस आले तर सही कुणाची आहे ते बघतील. कोपऱ्यात बसलेल्या एक आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी शिकारीला साहेब यायचे, तेव्हा जमीन कुणाची हे कुणी विचारत नव्हतं. हाका घालायला माणसं तेवढी मागायचे."

आजींचं ते वाक्य आमच्या डोक्यात राहिलं. आम्ही गट चालवणाऱ्या बाया, वकील नाही. पण कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उघडं आहे आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. तिथे बसून, जाणत्यांना विचारून जे कळलं ते आज सांगतो. आपल्या भागातल्या रानाची मालकी कुणाकडून कुणाकडे गेली, आणि त्या रानातलं हरीण कुणाचं ठरलं, याची ही गोष्ट आहे.

हरणाची शिकार हा राजाचा खेळ, ही समजूत फार जुनी. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये हरणाच्या शिकारीचं सविस्तर वर्णन आहे. त्या राजाची राजधानी कल्याणी होती, पण ते कल्याण आपलं नव्हे बरं का, ते बिदरकडचं. आपलं कल्याण बंदराचं, व्यापाऱ्यांचं. आपल्याकडची शिकार डोंगरातल्या लोकांची होती. कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी यांची. वारली चित्रांत लग्नाच्या चौकाइतकीच शिकारही दिसते, ती उगाच नाही. चार घरं मिळून रानात जायची आणि मिळेल ते वाटून घ्यायची. त्यात जमीन भाड्याने घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण रानाला सातबारा नव्हता.

सातबारा नव्हता, तरी जमीन भाड्याने देण्याची रीत मात्र इथे इंग्रजांच्याही आधीची आहे. १५३४ साली वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, तेव्हा त्यांनी गावंच्या गावं ठरावीक वार्षिक रकमेवर आपल्या माणसांना लावून दिली. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली, १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला इंग्रजांकडे गेला. मग कंपनी सरकारनेही तोच कित्ता गिरवला. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांना साष्टीतली गावं पट्ट्याने दिली. फ्रामजी कावसजी बानाजी यांना १८३५ साली विक्रोळीची जमीन कायमच्या पट्ट्याने मिळाली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. या पट्ट्यांत डोंगर, झाडी, गवत सगळंच एकत्र जायचं. ज्याच्या हातात पट्टा, त्याच्या हातात रान.

मग १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत आली. आपल्याला शाळेत एवढंच शिकवलं. पण रुळाखाली लाकडाच्या पट्ट्या लागतात आणि वाढत्या मुंबईला सरपण, कोळसा आणि घोड्या-बैलांना गवत लागतं, ते कुठून आलं? शहापूर, मुरबाड, वाडा या आपल्याच रानातून. झाड महाग झालं तसं सरकारला जंगलाची आठवण झाली. १८६५ साली आणि मग १८७८ साली जंगलाचे कायदे आले. जंगल राखीव झालं, हद्दीचे दगड बसले. राखीव जंगलात विनापरवाना लाकूड तोडणं गुन्हा, आग लावणं गुन्हा, गुरं घालणं गुन्हा आणि नियम मोडून शिकार करणं, सापळा लावणंही गुन्हा.

तेव्हा हरणापेक्षाही मोठी ओरड झाली ती राबाची. भाताचं आवण टाकण्याआधी आपण गवत, पालापाचोळा, टहाळ, शेण पसरून भाजतो, ते राब. राबाला टहाळ आणायचा कुठून? जंगल तर बंद झालं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी गेल्या की १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला आणि १८८७ साली त्याचा अहवाल आला. आम्हाला या गोष्टीचं अप्रूप वाटलं. सव्वाशे वर्षांहून जास्त काळापूर्वी आपल्याच तालुक्यांतले शेतकरी पाल्यासाठी भांडले, आणि टहाळाचे भारे डोक्यावर आणणाऱ्या बाया तेव्हाही आपल्यासारख्याच असणार. नावं मात्र अर्जावर पुरुषांची.

१८८२ साली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. त्या काळी आपल्या रानात वाघ, बिबट्या, सांबर, चितळ, भेकर, पिसोरी हे सगळं होतं. घोडबंदर रस्त्यावरच्या वाघबीळ गावाच्या नावात वाघ अजून बसलेला आहे, आता तिथे इमारती आहेत. १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली. आज ही संस्था पक्षी-प्राणी वाचवण्यासाठी ओळखली जाते, पण सुरुवातीच्या सभासदांत हौशी शिकारी पुष्कळ होते. त्यांच्यासाठी रान म्हणजे सुट्टीचा मुलूख. परवाना काढायचा, तंबू ठोकायचा, गावातून हाकेकरी गोळा करायचे. डबे वाजवत, ओरडत माणसांनी रान उठवायचं आणि पलीकडे बंदुकीवाल्याने थांबायचं. आजी म्हणाल्या ते हेच. जव्हारसारख्या संस्थानात हा मान राजाचा आणि त्याच्या पाहुण्यांचा. म्हणजे रानात पिढ्यान् पिढ्या राहणारा माणूस हरीण मारताना सापडला तर चोर, आणि परवाना घेऊन आलेला माणूस शिकारी. जनावर तेच, रान तेच.

१९१२ साली रानटी पक्षी आणि जनावरांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यात काही महिने शिकार बंद ठेवण्याची सोय होती, पण पिकाच्या खऱ्याखुऱ्या बचावासाठी मारलं तर सूट होती. "आपलं पीक खातं म्हणून मारलं" हे आपल्या घरात अजून ऐकू येतं, त्याचं मूळ अशा सवलतीत आहे. पीकरक्षणासाठी बंदुकीचा परवानाही मिळायचा. अर्थात बंदूक परवडायची कुणाला? जमीनदाराला, सावकाराला.

जमीनदाराचा विषय निघाला तर थोडं थांबून सांगावं लागेल. ठाणे जिल्ह्यात मालकी जंगलं होती, म्हणजे खासगी जंगलं. इनामदार, जमीनदार, लाकडाचे व्यापारी यांच्या मालकीची. आदिवासी त्याच जमिनीत कूळ म्हणून राबायचा, खंड भरायचा, आणि शिवाय वेठ. वेठ म्हणजे बिनमजुरीचं काम. मालकाचं गवत कापा, लाकूड ओढा, घर शाकारा. मालकाने बोलावलं की आपलं शेत टाकून जायचं. जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेचं अधिवेशन भरलं ते आपल्या टिटवाळ्याला. हो, गणपतीचं टिटवाळं, कल्याणपासून दोन-तीन स्टेशनं पुढे. तिथे उंबरगाव-डहाणूकडून काही वारली आले होते. तिथून परत गेल्यावर गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत त्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. त्याच वर्षी गवत कापणीच्या मजुरीसाठी संप झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. आमच्या एका गटाने ते पुस्तक दुपारच्या वेळी मोठ्याने वाचायला घेतलं, तीन महिने लागले, पण एकही बाई मध्ये उठून गेली नाही.

आणखी एक जुना पट्टा आहे, त्याची माहिती प्रत्येक डोंगरवाडीला असायला हवी. त्याचं नाव दळी. इंग्रज सरकारने डोंगरउतारावरचे तुकडे ठाकूर-कातकऱ्यांना नाचणी-वरईसाठी लावून दिले. तुकडा सगळ्या वाडीचा, पण वहीत नाव एकट्या नायकाचं. नायक गेला, वही जुनी झाली, आणि वाडी म्हणजे अतिक्रमण ठरली. कागदावर एकाचंच नाव असलं की काय होतं याचं याहून मोठं उदाहरण आम्हाला सापडलं नाही.

आता स्वातंत्र्यानंतरचं. १९४८ साली कूळ कायदा आला. १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली. म्हणूनच आजही जमीनमालक लेखी पट्टा द्यायला घाबरतो, "कूळ लागेल" म्हणतो, आणि आपल्या गटांना भाजीपाल्यासाठी जमीन हवी असली की तोंडी मक्त्यावर किंवा अर्धेलीवर भागवावं लागतं. शिकारीचा मुंबई राज्याचा कायदा १९५१ चा. परवाना, बंद हंगाम, कोणतं जनावर मारायचं याचे नियम त्यात होते. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. बऱ्याच जणांना वाटतं की १९७२ पासून शिकार पूर्ण बंद झाली. तसं नाही. त्या कायद्यात सुरुवातीला परवाने होते. चितळ, सांबर, भेकर ही 'मोठी शिकार' धरली जायची. खासगी जमिनीवर शिकार करायची तर परवाना असूनही मालकाची किंवा कसणाऱ्याची संमती लागायची. रात्री मारायचं नाही, पाणवठ्यावर दबा धरायचा नाही, असंही लिहिलेलं होतं. म्हणजे वहिनींकडे आलेली माणसं जे मागत होती, जमिनीवर येण्याची संमती, तिला एके काळी कायद्यात जागा होती. १९९१ साली ती जागा गेली. परवान्याची पद्धतच काढून टाकली आणि सूचीतलं कोणतंही रानटी जनावर मारायला मनाई झाली. जमीन कुणाचीही असो.

परदेशात अजून अशी पद्धत आहे. अमेरिकेत, विशेषतः टेक्सासमध्ये, हरणाच्या शिकारीसाठी शेतकरी आपली खासगी जमीन हंगामापुरती भाड्याने देतात. तिथे तो मोठा जोडधंदा आहे. शिकारी आधी जमीन शोधतात, मालकाशी करार करतात, सरकारी परवाना वेगळा काढतात. पण तिथेही हरीण मालकाचं नसतं, भाडं फक्त जमिनीवर पाऊल ठेवायचं असतं. इंग्लंडमध्ये शिकारीचा हक्क जमिनीपासून वेगळा काढून विकता-भाड्याने देता यायचा. ससे कुळाचं पीक खायचे आणि कुळाला हात लावायची सोय नव्हती. शेवटी १८८० साली तिथे कायदा झाला आणि कसणाऱ्याला निदान ससे मारण्याचा हक्क मिळाला. बघा, साहेबाच्या देशातही कुळाची तक्रार आपल्यासारखीच होती.

आपल्याकडचं उत्तर आज असं आहे. जमीन तुमची असो, भाड्याची असो, त्यातलं हरीण तुमचं नाही. बेकायदा मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता ठरतं. गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि काही जनावरांसाठी किंवा अभयारण्यात गुन्हा केला तर सात वर्षांपर्यंत. मदत करणाराही त्यात येतो. माळ्याला जागा देणं, हाका घालणं, मटण शिजवून देणं, यांपैकी काहीही चौकशीत निघालं तर "आम्ही फक्त भाडं घेतलं" हे म्हणणं पुरत नाही. आदिवासींचा शिकारीचा रिवाज? २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातले कितीतरी जुने हक्क मान्य केले, पण शिकारीचा आणि सापळ्याचा हक्क नाव घेऊन वगळला. हे बरोबर की चूक यावर आमच्या बैठकीत एकमत झालं नाही. एक कातकरी मावशी म्हणाली, आम्ही उंदीर-खेकडे खाऊन राहिलो, जंगल संपवलं ते वखारवाल्यांनी. तिचं म्हणणं खोडायला आमच्याकडे काही नव्हतं.

मात्र त्याच कायद्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. जुने पट्टे, दळीसारखे, हक्कात बदलून घेता येतात. आणि विवाहित असाल तर हक्काच्या कागदावर नवरा-बायको दोघांचं नाव लागतं, ते लावलंच पाहिजे. नायकाच्या एकट्या नावाचं काय झालं ते वर सांगितलंच.

आता पुन्हा विक्रोळी. १९७५ साली महाराष्ट्रात खासगी वने संपादन कायदा आला. ३० ऑगस्ट १९७५ ला राज्यातली खासगी जंगलं सरकारची झाली. कायदेशीर लागवडीखालची, ठरावीक मर्यादेतली जमीन त्यातून वगळायची सोय होती, आणि पुढे लहान मालकांना जमीन परत मिळण्याचीही तरतूद झाली. पण कागद सावकाश चालतात. कित्येक सातबाऱ्यांवर वनाची नोंद चढली ती तीस-तीस वर्षांनी, तोवर जमिनी विकल्या गेल्या होत्या, घरं उभी होती. ज्या जमिनीचा पट्टा १८३५ साली बानाजींना मिळाला होता, ती विक्रोळीची जमीन नंतर गोदरेजकडे आली. तिच्यावर १९५६ साली निघालेल्या एका नोटिशीवरून ती खासगी वन ठरते की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ साली निकाल लागला की नुसती नोटीस निघाली म्हणून जमीन वन होत नाही. मोठ्या कंपनीला न्यायालय परवडतं. आपल्यासारख्यांनी सातबारा हातात घेऊन 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचावा, हे बरं.

आम्ही वहिनींचा सातबारा काढला. तिच्या गटावर काही नव्हतं. पण शेजारचा, झाडीचा गट वन विभागाच्या नावावर होता. नकाशा पाहिला तर ज्या आंब्यावर ती माणसं माळा बांधणार होती, तो आंबा वहिनींच्या बांधाच्या पलीकडे. भाडं वहिनींना, सही वहिनींची, आणि माळा सरकारी जंगलात. घरातल्यांनाही हे दाखवलं तेव्हा बोलणं थांबलं.

याच बैठकीत एका ठाकूर ताईंनी विचारलं, आमच्याकडेही एक माणूस जमीन मागतोय, पण शेतीसाठी, तर देऊ का? त्यांची जमीन आदिवासीची. १९७४ पासून अशी जमीन बिगर आदिवासीला भाड्याने किंवा गहाण द्यायची तर कलेक्टरची आधी परवानगी लागते आणि मुदत पाच वर्षांच्या आत. परवानगीशिवाय स्टॅम्प पेपरवर कितीही शिक्के मारले तरी तो व्यवहार टिकत नाही. ताईंनी तो माणूस पुन्हा आला तेव्हा परवानगीचं विचारलं. तो परत फिरकला नाही.

वहिनींनी कागद परत दिला. ती माणसं थोडी रागावली, भाडं वाढवून देतो म्हणाली, मग गेली. पुढे पाऊस झाला, भात निघालं, आणि भातानंतर ओलीवर गटातल्या पाच जणींनी मिळून तिच्या शेतात वाल टाकला. जमीन वहिनींची, बियाणं आणि राखण सगळ्यांची, वाटणी वहीत लिहून. वाल चांगला आला. फुलोऱ्यावर असताना दोन रात्री भेकर उतरलं आणि झाडीकडच्या चार ओळींचे शेंडे खाऊन गेलं.

सकाळी वहिनींचा फोन आला. रानटी जनावराने पीक खाल्लं तर लगेच कळवायचं, पंचनामा होतो आणि वन विभागाकडून भरपाई मागता येते, हे आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक घेऊन आम्ही तिच्या ओट्यावर बसलो. अर्ज आम्ही लिहीत होतो. नुकसान करणाऱ्या प्राण्याचं नाव लिहायची जागा आली तेव्हा तिने पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: भेकर.